शाळा काढणारे जोतीराव आठवतात, शाळेचा कारभार विचारणारे जोतीराव?

खडकवासल्याला मुठा नदीचे पाणी अडवून इंग्रज सरकारने जो उजवा कालवा काढला, तो पुणे शहरातून निघून तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या दौंड तालुक्यात, थेट पाटसपर्यंत आणला. त्या धरणाच्या कामावर क्रांतिबा जोतीराव फुले यांनी ठेकेदार म्हणून काम केले होते. पाटसच्या बांधवांना आम्ही हे सांगतो तेव्हा अनेकांना नवल वाटते. जोतीराव म्हटले की आपल्याला भिडेवाडा आठवतो, सावित्रीमाईंच्या अंगावर फेकलेले शेण आठवते. पण हाच माणूस व्यापारी होता, शेतकरी होता आणि १८७६ ते १८८२ अशी सहा वर्षे पुणे नगरपालिकेचा सभासद होता. या खुर्चीवर बसलेल्या जोतीरावांकडे चळवळीने फारसे पाहिलेले नाही. आज गावोगावच्या शाळांत पालकांमधून समिती निवडली जाते आणि आपली माणसे त्या निवडीला उभीच राहत नाहीत, म्हणून त्या जोतीरावांविषयी लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. शाळेचा कारभार कुणाच्या हाती असतो याचा पहिला धडा त्यांना लहानपणीच मिळाला. माळ्याच्या पोराने शिकून काय करायचे, असा सल्ला एका कारकुनाने दिला आणि वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी आग्रह धरला नसता तर पुढचा सारा इतिहास खुरप्याखालीच गाडला गेला असता. एक कारकून, ज्याचा शाळेशी कसलाही अधिकृत संबंध नाही, तो एका मुलाचे शिक्षण बंद पाडू शकतो! १८४८ मध्ये मुलींची शाळा, मग घरातून बाहेर काढले जाणे, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा, १८५२ मध्ये सरकारकडून सत्कार, हे सारे वाचकांना पाठ आहे. त्यावर शाई खर्च करत नाही.

मात्र एक गोष्ट आपल्या भाषणांतून कधी येत नाही. या शाळा चालवण्यासाठी मंडळी नेमलेली होती. तिच्यात जोतीरावांचे काही ब्राह्मण मित्रही होते आणि त्यांचे साहाय्य नाकारण्याचे कारण नाही. पण सुमारे नऊ-दहा वर्षे काम केल्यावर जोतीराव त्यातून बाहेर पडले. पुढे सरकारी आयोगापुढे याचा उल्लेख करताना त्यांनी कारणांचा तपशील देण्याची गरज नाही एवढेच नोंदवले. मुलींच्या शाळा शिक्षण खात्याकडे गेल्या. महार-मांगांची शाळा चालू राहिली, पण तिची अवस्था समाधानकारक नाही, हे त्यांनी तिथेच लिहून दिले. ज्याने शाळा काढली, त्याच्या हातून तिचा कारभार गेला आणि शाळा खंगली. आमच्या मते जोतीरावांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे मूळ या अनुभवात आहे.

१८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीन वर्षांनी ते नगरपालिकेत गेले. त्या काळी निवडणूक नव्हती, सरकार सभासद नेमत असे. नेमलेला माणूस सहसा मान डोलावतो. जोतीरावांनी मान डोलावली नाही. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून त्याच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचे ठरले, तेव्हा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून विरोध करणारे ते एकटेच होते. शहरात मोठा बाजार बांधण्याच्या खर्चालाही त्यांनी याच कारणासाठी विरोध केला. त्याच बाजाराला पुढे महात्मा फुले मंडई हे नाव दिले गेले. नाव दिले की विरोध विसरायला सोपे जाते.

१८८२ मध्ये हंटर आयोग आला. त्याच वर्षी लॉर्ड रिपनच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे वारे वाहू लागले होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आयोगाला निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, ज्यांना गरज पडली तर नांगरही धरता येईल असे घ्या, ही मागणी सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात अस्पृश्यांची लोकसंख्या पाच हजारांवर, शाळा एक, हजेरी तीसच्या आत, हा हिशेबही त्यांनी मांडला. पण आम्ही वकील असल्यामुळे आमची नजर दुसऱ्याच कलमावर जाते. मोठ्या शहरांच्या नगरपालिकांकडून शाळांचा खर्च पुरेपूर वसूल करा, पण शाळांचा कारभार मात्र त्यांच्या हाती देऊ नका, तो शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली ठेवा, असे त्यांनी बजावले. निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी दिली आहे. म्हणजे नगरपालिकेत बसलेला माणूसच सांगत होता की आमच्या नगरपालिकेवर शाळांचा भरवसा टाकू नका. आत बसून पाहिल्याशिवाय हे लिहिता येते काय?

आयोगाने ऐकले नाही. शाळा स्थानिक मंडळांकडे द्याव्यात, अशीच त्याची शिफारस झाली. १८८४ च्या कायद्यांनी लोकल बोर्डे आली आणि नगरपालिकांत निवडणूक शिरली, पण मत होते ते मालमत्ता आणि कर असलेल्यांना. पाटसच्या शेतकऱ्याने सारा भरताना दिलेल्या पट्टीतून शाळा चालायची आणि महारवाड्यातल्या पोराला त्या शाळेच्या ओट्यावरही जागा नसायची. जोतीराव पुढे आठ वर्षे जगले. शेतकऱ्याचा आसूड याच काळातला. कालव्याच्या पाण्याचा पैसा घेता आणि पाणी वेळेवर देत नाही, ही तक्रार त्यात आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची भीती खरी ठरली हे कुणी सांगितले? बाबासाहेबांनी. मुंबई इलाख्याच्या १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे गेले. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी मागणी केली की हे हस्तांतर थांबवा, नाहीतर अस्पृश्यांचे शिक्षण मागे पडेल. शेहेचाळीस वर्षांच्या अंतराने गुरू आणि शिष्य एकच गोष्ट सांगत होते. इथे आमच्या काही कार्यकर्त्यांचा घोटाळा होतो. मंडळ त्यांचेच आहे, मग आपण कशाला जायचे, असा अर्थ ते काढतात. पण जोतीराव सहा वर्षे त्या सभागृहात बसून होते आणि बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात होते. अविश्वास दाखवण्यासाठीसुद्धा आत जागा लागते.

आजचा कायदा जोतीरावांच्या हाती नव्हता असे हत्यार देतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व हवे आणि निम्म्या महिला हव्यात. मालमत्तेची अट नाही, शिक्षणाची अट नाही. दौंड-शिरूरकडचे पालक आमच्याकडे येतात तेव्हा समितीत आपले कोण आहे असे विचारले की एकमेकांकडे पाहतात. कुठे नाव कागदावर असते आणि त्या बाईला स्वतःलाच माहीत नसते. पालकसभा भरते दुपारी. तेव्हा बाप कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर आणि आई उसाच्या रानात. सभा सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी घ्या, असा अर्ज चार-पाच पालकांनी सह्या करून मुख्याध्यापकांकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जाचा नमुना आम्ही करून देऊ, त्याला पैसे पडत नाहीत.