धरण तेच, पाणी जास्त: विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यात काय केलं?

दुष्काळ पडला की धरणात किती पाणी उरलंय, हे सगळे विचारतात. पावसाळ्यात त्याच धरणातून किती वाहून गेलं, हे फारसं कुणी विचारत नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं लक्ष त्या वाहून जाणाऱ्या पाण्याकडे होतं.

१८६१ साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीत त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. शिकवण्या करत ते शिकले, पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ मध्ये इंजिनीअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले.

खडकवासल्याच्या सांडव्यावरून पुराचं पाणी मुठेत निघून जायचं. धरणाची भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडायचे, पूर ओसरला की बंद व्हायचे. तलावात सुमारे ८ फूट जास्त पाणी साठू लागलं.

पण साठवलेलं पाणी मोजक्याच शेतांत मुरलं तर उपयोग काय? म्हणून नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, ऊस गटाच्या एका भागातच घ्यायचा, दरवर्षी पिकांची जागा बदलायची. म्हणजे तेच पाणी जास्त गावांना पुरतं. सुरुवातीला याला विरोधही झाला.

पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ साली ते गेले. ऊस किती आणि पाणी कुणाला, हा वाद मात्र कालव्यांवर अजून चालूच आहे.