नोआ वेब्स्टर आणि इंग्रजी स्पेलिंगांचा जाच

सायंकाळीं घरोघर मुलें इंग्रजी स्पेलिंगें घोकीत असतात. ओ, यू, जी, एच् या चार अक्षरांनीं शेवट होणारे शब्द घ्या. एकाचा उच्चार थो, दुसऱ्याचा थ्रू, तिसऱ्याचा रफ, चौथ्याचा कॉफ, पांचव्याचा बाउ! डोळ्यांस यमक दिसतें, कानांस लागत नाहीं. बाळबोध लिपीवर वाढलेलें मूल येथें अडखळलें, तर दोष त्या मुलाचा नव्हे असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यास छडी मारणाऱ्या पंतोजींनीं नोआ वेब्स्टर या अमेरिकन पंतोजीचें चरित्र अवश्य पाहावें.

वेब्स्टर १७५८ सालीं कनेटिकट प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मला. १७७८ त येल कॉलेजांतून पदवी घेऊन त्यानें मास्तरकी पत्करली, आणि १७८३ त स्पेलिंगचें पुस्तक छापिलें. त्यांत स्वरांच्या माथ्यावर आंकडे घालून कोणता स्वर कसा उच्चारावा हें दाखविलें होतें. पुस्तक अफाट खपलें. मौज अशी कीं, त्या वेळीं तो जुन्या स्पेलिंगांचा कैवारी होता! पुढें बेंजामिन फ्रँकलिन याच्या विचारांनीं त्याचें मत फिरलें, आणि यांत आम्हांस कांहींच कमीपणा दिसत नाहीं. १७८९ च्या ग्रंथांत त्यानें सुचविलें कीं, 'ब्रेड', 'हेड' यांतील न उच्चारलें जाणारें ए हें अक्षर गाळावें. 'मीन', 'स्पीक' यांत ई-ए च्या जागीं दोन ई लिहावे. लोकांनीं थट्टा आरंभिली.

मग तो बेतानें चालूं लागला. १८०६ च्या लहान कोशांत 'कलर' मधील यू आणि 'म्युझिक' च्या शेवटचा के त्यानें गाळला. हे फेरफार अमेरिकेंत रुजले. १८२८ त, सत्तराव्या वर्षीं, सुमारें ७०,००० शब्दांचा थोरला कोश दोन खंडांत निघाला. प्रती २,५००, किंमत २० डॉलर, खप मंदच. व्यापारी वाचकांस हा व्यवहार आंतबट्ट्याचा वाटेल. पण दुसऱ्या आवृत्तीसाठीं या म्हाताऱ्यानें राहतें घर गहाण टाकिलें! ती १८४१ त निघाली. १८४३ च्या मे महिन्यांत न्यू हेवन येथें तो वारला.

जिभेस इंग्रजींत 'टंग' म्हणतात. त्याचें स्पेलिंग टी, यू, एन्, जी एवढेंच खरें, असें त्यानें थोरल्या कोशांतही हट्टानें नोंदविलें होतें. तें मात्र कोणीं उचललें नाहीं.