हरल्यानंतरची सकाळ

व्यायाम सुरू करणे फारसे अवघड नसते. अवघड असतो तो दुसरा महिना. निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या धाकाने मी पहाटे फिरू लागलो, तेव्हा पहिले चार आठवडे भेटेल त्याला फिरण्याचे फायदे सांगत होतो. मग गुडघा सुजला आणि मी असा काही खचलो की बूट महिनाभर खाटेखालून बाहेर निघाले नाहीत. गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला होता. मन झाले नव्हते. त्या रिकाम्या सकाळी मला वारंवार खाशाबा जाधव आठवत. बँकेच्या नोकरीत काही वर्षे कराडला होतो. तिथले खातेदार हे नाव घरातल्या वडीलधाऱ्याचे घ्यावे तसे घेत.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पोराने लहानपणीच लंगोट कसला आणि लाल मातीत उतरला. पुढे शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आल्यावर तर कुस्तीच्या पंढरीतच मुक्काम पडला. जोर, बैठका, सपाटे, खुराक आणि वस्तादांची नजर. तालमीतला दिवस कालच्यासारखाच असतो. बाहेरच्याला तो कंटाळवाणा वाटेल, पण पैलवानाचे मन ठिकाणावर ठेवण्याचे काम हा तोचतोपणाच करतो.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे माती नव्हती, मॅट होती. मातीत पाय रोवून लढणाऱ्याला मॅटवर सगळेच परके: पकड वेगळी, नियम वेगळे, गुणांचा हिशेब वेगळा. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने तिथे त्यांना मॅटवरच्या खेळाचे धडे दिले. बावीस वर्षांच्या तरुणाने सहाव्या क्रमांकाचे दुःख किती केले असेल, कोण जाणे! मनातले आपल्याला दिसत नाही, दिसते ते एवढेच की परतल्यावर त्यांनी सराव सोडला नाही, उलट वाढवला. पुढच्या ऑलिंपिकला ते वरच्या, बँटमवेट गटात उतरले.

मात्र समतोल म्हणजे निमूटपणा नव्हे. हेलसिंकीच्या निवडीआधी मद्रासच्या स्पर्धेत त्यांचा एक गुण कमी भरला. तो मुद्दाम कमी दिला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी आदळआपट केली नाही आणि नशिबाला बोल लावून घरीही बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा लढत झाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवले. राग होताच, तो त्यांनी योग्य वेळेपर्यंत जपून ठेवला.

मग प्रश्न आला पैशांचा. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही आपापल्या परीने भर घातली. माझे सारे आयुष्य कर्जाचे अर्ज तपासण्यात गेले. तारण एकाचे, उपयोग दुसऱ्याचा आणि परतफेडीचा भरवसा काय, तर एका पोराची कुस्ती! असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो नामंजूरच केला असता. खर्डेकर सरांनी जे पाहिले, ते कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

हेलसिंकीत जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेयोव यांच्याकडून मात्र ते हरले. पुढे याच दोघांना सुवर्ण आणि रौप्य मिळाले. दोन लढतींमध्ये हक्काची अर्ध्या तासाची विश्रांतीही खाशाबांना मिळाली नाही, कारण त्यांची बाजू मांडायला आपला पदाधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. हाती आले कांस्यपदक. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. असे दुसरे पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

गावाकडे बैलगाड्यांची भली मोठी मिरवणूक निघाली. आयुष्यभर त्या मिरवणुकीतच राहणारी माणसे आपण पाहिली आहेत. खाशाबांनी मात्र गुलाल धुतला आणि कुस्त्यांचे फड भरवले. त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. मला विचाराल तर पदकाहून मोठी कुस्ती ही. हरल्यानंतरच्या सकाळी तालमीत जाण्याला धैर्य लागते. जिंकल्यानंतरच्या सकाळी तिथे जाण्याला त्याहून अधिक काही लागते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. मेलबर्नची उमेद होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते दार बंद केले. माझ्यासारख्याच्या गुडघ्यापायी फक्त फिरणे थांबते, त्यांच्या गुडघ्याने ऑलिंपिक नेले. तरी ते कुस्तीशी कडू झाले नाहीत. खात्यात खेळाडू घडवले, बढतीची दीर्घ वाट पाहिली आणि १९८३ मध्ये सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

त्यांनी उपेक्षा शांतपणे सोसली, म्हणून ती करणाऱ्यांचा दोष कमी होत नाही. मनाचा तोल ही त्यांची कमाई होती; तिच्यावर आपल्या विस्मृतीचे कर्ज फेडता येणार नाही.

मी पुन्हा फिरू लागलो आहे. आता किती चाललो ते कोणाला सांगत नाही. एखाद्या दिवशी गुडघा कुरकुरतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या वडापर्यंत जाऊन परत येतो. दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा घालायचे, एवढेच पाळतो.