जोशुआ स्लोकम

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात २० फेब्रुवारी १८४४ रोजी जोशुआ स्लोकमचा जन्म झाला. वडिलांचे बूट तयार करण्याचे दुकान होते. कामाला हात हवेत म्हणून त्यांनी जोशुआला लहानपणीच शाळेतून काढले. परंतु त्याचे चित्त चामड्यापेक्षा समुद्रातच अधिक रमे. एकदा त्याने तळघरात बसून लाकडाचे एक चिमुकले गलबत कोरले. वडिलांनी ते पाहिले आणि रागाच्या भरात मोडून टाकले. मुलाचा ध्यास मात्र मोडला नाही. पुढे तो घर सोडून समुद्रावर गेला आणि ऐन उमेदीत शिडाच्या जहाजाचा कप्तान झाला.

कालांतराने वाफेच्या जहाजांपुढे शिडाची जहाजे मागे पडली, व हा अनुभवी कप्तान अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बेकार झाला. १८९२ च्या हिवाळ्यात एका मित्राने त्याला 'स्प्रे' नावाची होडी देऊ केली. अमेरिकेतील फेअरहेवन गावी एका शेतात टेकू देऊन ठेवलेली ती होडी पार जीर्ण झाली होती. ती मोडीतच निघणार, असे गावकरी धरून चालले होते. स्लोकमने ती नव्याने बांधण्याचा निश्चय केला.

जवळच्या कुरणातील ओक वृक्ष तोडून त्याने होडीच्या तळाचा कणा केला. कोवळ्या झाडांचे सोट वाफेवर मऊ करून, ओंडक्यावर वाकवून त्याने फासळ्या घडविल्या आणि त्यांवर दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या ठोकल्या. सांध्यांत तो कापूस भरू लागला, तेव्हा हा कापूस जागेवर राहणार नाही, अशी शंका पाहणाऱ्यांनी काढली. स्लोकमने हात थांबविला नाही. अधूनमधून बंदरातील जहाजांवर मजुरी करावी आणि उरलेला वेळ होडीला द्यावा, असा त्याचा क्रम होता. तेरा महिन्यांचे श्रम आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च झाल्यावर ३६ फूट ९ इंच लांबीची नवी स्प्रे उभी राहिली. पाण्यात उतरल्यावर तिच्या सांध्यांतील कापूस जागचा हलला नाही.

२४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून तो एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. वेळ पाहण्यासाठी त्याच्यापाशी एक डॉलरचे, फुटक्या तबकडीचे घड्याळ होते. सुकाणू बांधून ठेवले तरी स्प्रे आपला मार्ग सोडीत नसे. म्हणूनच त्याला विश्रांती घेता येई. सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून २७ जून १८९८ रोजी तो न्यूपोर्ट बंदरात परतला. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य ठरला. १९०० साली त्याने या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

१९०९ च्या सुमारास स्लोकम स्प्रेसह पुन्हा एकटाच समुद्रावर गेला, तो परत आला नाही. ज्या होडीला लोकांनी मोडीत काढले होते, तिने अखेरपर्यंत त्याची सोबत केली.