फोटो काढला की माणूस मरतो, या अफवेपायी दादासाहेब फाळकेंचा धंदा बसला होता

तेल्हारा असो, अकोट असो की वऱ्हाडातलं दुसरं कुठलं गाव, बहुतेक घरांच्या बैठकीत भिंतीवर एक तरी हार घातलेला फोटो दिसतोच. आजा, आजी, कधी अकाली गेलेला पोरगा. माणूस गेला की तेरवीच्या आत फोटो मोठा करून, फ्रेम करून आणायची धावपळ सुरू होते. लग्नातला, आधार कार्डावरचा, जो सापडेल तो फोटो स्टुडिओवाल्याच्या हातात दिला जातो.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी अनेकांचा समज बरोब्बर उलटा होता. फोटो काढला तर माणूस जातो, असं लोकांना वाटायचं. या समजाचा फटका ज्यांना बसला त्यात एक नाव होतं धुंडिराज गोविंद फाळके. म्हणजे आपले दादासाहेब फाळके.

राजा हरिश्चंद्र आणि भारतीय सिनेमाचे जनक, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधीची त्यांची वीस वर्षं मात्र कुणी फारशी सांगत नाही.

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे शास्त्री, पण पोराचा ओढा चित्रांकडे. १८८५ ला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि पुढं थोरल्या भावासोबत बडोदा गाठलं. तिथल्या कलाभवनात चित्रकला शिकताना त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी हा मुलगा काय चीज आहे ते ओळखलं आणि ब्लॉक बनवणं, डार्करूमची कामं शिकायला त्याला रतलामला पाठवलं. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलसाठी त्यांना सुवर्णपदकही मिळालं.

हातात कला होती, पदक होतं, पण घर चालत नव्हतं. म्हणून १८९५ ला त्यांनी गोध्रा गाठलं आणि फोटोग्राफीचा धंदा मांडला.

इथंच घात झाला. १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल दोघंही गेले.

तिशीतला माणूस, मागं कुणी नाही. फाळके बडोद्याला परतले आणि पुन्हा कॅमेरा उभा केला. पण शहरात अफवा पसरली होती की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि मग तो दगावतो. बडोद्याच्या एका राजपुत्रानंही आयुष्य कमी होईल म्हणून फोटोला नकार दिला होता, असं सांगतात. फाळक्यांनी दरबारात जाऊन त्याची समजूत काढली, राजपुत्र तयारही झाला. पण गिऱ्हाईक काही वाढलं नाही.

आज या अफवेला हसणं सोपं आहे. पण तो काळ बघा. प्लेगनं घरंच्या घरं रिकामी होत होती. अशात एक माणूस काळ्या कापडात डोकं घालतो, समोरच्याला हलू नको म्हणतो आणि त्याचा चेहरा काचेवर उतरवून अंधाऱ्या खोलीत घेऊन जातो. भीती वाटणारच की! ज्याचं स्वतःचं घर प्लेगनं नेलं, त्यानंच लोकांना फोटोनं कुणी मरत नाही हे पटवत फिरायचं, ही मात्र नियतीची क्रूर थट्टा होती.

पुढं १९२५ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अनातोल जोसेफो या सायबेरियातून आलेल्या माणसानं फोटोमॅटन नावाचं मशीन लावलं. २५ सेंट टाका, आठ फोटो घ्या. लोकांनी रांगा लावल्या. त्या पेटीत फोटोग्राफरवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडं मात्र सगळा खेळ विश्वासाचा होता. गावातला स्टुडिओवाला ओळखीचा झाला, त्यानं चार लग्नं काढली, की मग पाचव्या घरची म्हातारी खुर्चीवर बसायला तयार व्हायची.

फाळक्यांकडं तेवढा वेळ नव्हता. त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. महाल, बाग, जंगल, असलेच रंगवलेले पडदे पुढं गावोगावच्या फोटो स्टुडिओत खुर्चीच्या मागं टांगलेले दिसायचे. बडोद्यात दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते जादूही शिकले आणि फाळके उलटं करून केल्फा या नावानं प्रयोग केले.

१९०२ ला दुसरं लग्न झालं, घरात सरस्वतीबाई आल्या. मग पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी, ती सोडून छापखाना, तिथून भागीदारांशी बिनसलं. १९११ ला मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ ला लंडन गाठलं, कॅमेरा मिळवला. परतल्यावर पहिला प्रयोग केला तो कुंडीतल्या रोपाचा. एकेक फ्रेम टिपत त्यांनी रोप वाढताना दाखवलं आणि ती फिल्म बघूनच पैसे लावणारे तयार झाले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि फिल्म धुण्यापासून माणसांच्या जेवणापर्यंत सगळं अंगावर घेतलं.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात राजा हरिश्चंद्र लागला. ज्या कॅमेऱ्यासमोर बसायला लोक घाबरत होते, त्यानंच टिपलेली माणसं बघायला आता तिकीट काढून गर्दी झाली.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये फाळके गेले. १९७१ ला टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं, त्यावर त्यांचाच चेहरा छापलेला होता.