कलामहर्षी बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे एका कारागीर घराण्यात झाला. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसह ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यामुळे लोक दोघांनाही ‘पेंटर’ म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांपुढे आला. आपणही चित्रपट काढावा, असा ध्यास या दोघा कलावंतांना लागला. चित्रपटाचा कॅमेरा तेव्हा परदेशातून येई. तो आपल्याच हातांनी घडवावयाचा, असे त्यांनी ठरविले.

काम मोठे नाजूक होते. कॅमेऱ्याची मूठ फिरविली, की आतील फीत थांबत थांबत पुढे सरकावी लागते. ती थांबली असताना तिच्यावर प्रकाश पडावा आणि सरकताना झडपेने तो अडवावा लागतो. यात केसभर अंतर पडले, तरी चित्र पुसट होते. कधी फीतच फाटते.

ही खटपट चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. भाऊ गेला, काम अर्धवट राहिले. पण बाबूरावांनी धीर सोडला नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी १९१८ साली कॅमेरा पुरा केला. पुढे १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर झळकला.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले. दोघा भावांनी मिळून पाहिलेले स्वप्न त्यांनी एकट्याने तडीस नेले होते.