मिताहार आणि उपासमार

अन्नावांचून मनुष्य मरतो हें सर्वांस ठाऊक आहे. अति अन्नानेंही तो लवकर झिजतो, हें मात्र सुखवस्तु गृहस्थांस सांगावें लागतें. ह्या दृष्टीनें इटलींतील लुइजी कोर्नारो याचें चरित्र मननीय आहे.

सोळाव्या शतकांत व्हेनिसच्या राज्यांत हा धनाढ्य गृहस्थ होऊन गेला. दलदलीच्या जमिनी कोरड्या करून त्यानें लागवडीस आणल्या. पादुआ येथील त्याचें घर कलावंतांचें आश्रयस्थान होतें. परंतु खाण्यापिण्यास धरबंध नसल्यामुळें पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान तो व्याधींनीं जर्जर झाला. मिताहाराखेरीज उपाय नाहीं असें वैद्यांनीं बजावलें. तें पाळल्यावर वर्षाच्या आंत तो बरा झाला. पुढें 12 औंस अन्न व 14 औंस द्राक्षांचें मद्य हें त्याचें रोजचें माप ठरलें. उतारवयांत आप्तांच्या आग्रहास्तव दोन्हींत दोन-दोन औंस वाढवितांच तो आजारी पडला. ज्वर 35 दिवस हटला नाहीं. जुन्या मापावर येतांच प्रकृति सुधारली. 1558 मध्यें त्यानें ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला व 1566 मध्यें तो निवर्तला. त्यानें शंभरी गांठल्याची कथा रूढ असली, तरी संशोधकांच्या मतें त्याचा जन्म 1484 च्या सुमाराचा. तरीही वय 82 च्या आसपास भरतें. त्या काळीं तें थोडें नव्हे.

एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निवाडा देतां येत नाहीं, हें खरें. परंतु 1935 मध्यें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅके यांनीं उंदरांचें अन्न कमी केलें, जीवनसत्त्वांत मात्र उणें पडूं दिलें नाहीं. ते उंदीर अधिक जगले. अन्न कमी झालें म्हणजे शरीरांतील पेशी आपलेच जीर्ण भाग मोडून पुन्हां उपयोगांत आणतात. ह्या क्रियेचा उलगडा केल्याबद्दल जपानचे ओसुमी यांस 2016 चें नोबेल पारितोषिक मिळालें. माणसाचें आयुष्य अशा आहारानें लांबतें, हें मात्र अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे.

असो. कोर्नारोचें ताट भरलेलें होतें. त्यानें आपण होऊन हात आखडला. ज्याचें ताट मुळांतच रिकामें, त्याच्या उपासमारीस मिताहार म्हणणें ही क्रूर थट्टा होय. वाढत्या मुलांस, गर्भिणींस व कष्टकऱ्यांस पोटभर सकस अन्न मिळालेंच पाहिजे. संयमाचा उपदेश ऐकावयाचा तो जेवणावळी झोडणारांनीं.